स्टेजवर काय दिसतं त्याला नियम लावा, बॅगेत काय आहे त्याला नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी दोन दिवसांची ओपन सोर्स, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरवरची, कॉन्फरन्स घेतली, पहिल्याच दिवशी एक पाहुणे मॅकबुक घेऊन आले, कीनोट या ॲपलच्या सॉफ्टवेअरमधून स्लाईड दाखवायला लागले, मागच्या रांगेतून एक मुलगा ओरडला की सर हे मुक्त सॉफ्टवेअर नाहीये, आणि तेव्हापासून कमिटीत दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं की पुढच्या वर्षी स्पीकरनी फक्त मुक्त सॉफ्टवेअरच वापरायचं असा कडक नियम करा, दुसरी बाजू म्हणते असा नियम केला तर कोणी येणारच नाही. विचारलंय की तुमचं मत काय.

मी पुण्यात अशा कार्यक्रमांत सतराएक वर्षं आहे. सुरुवातीला खुर्च्या मांडायला, मग प्रोजेक्टर आणि रेकॉर्डिंगच्या टेबलावर, आता बरीच वर्षं स्पीकर निवडणाऱ्या कमिटीत. त्यामुळे हा वाद मी तुमच्याआधी निदान आठ-दहा वेळा ऐकलाय आणि दोनदा स्वतः दोन्ही बाजूंनी भांडलोय.

माझं उत्तर सरळ आहे. प्रेक्षकांपर्यंत जे जे पोचतं, म्हणजे पडद्यावरचा डेमो, त्यातला कोड, स्लाईडची फाईल, व्हिडिओ, नाव नोंदवायचा फॉर्म, हे सगळं मुक्तच असलं पाहिजे, आणि यात मी सहसा सूट द्यायला तयार नसतो. पण स्पीकरच्या बॅगेत कुठलं मशीन आहे, त्यावर काय चालतं, हे तपासायला दारात चौकी बसवू नका. आणि नियम करायचाच असेल तर त्याची सुरुवात आयोजकांपासून करा.

आता हे असं का ते सांगतो, जरा लांबेल.

मुक्त आणि फुकट यातला फरक तुम्हाला माहीतच आहे, कशासाठीही वापरायची, आत काय आहे ते बघून बदलायची, दुसऱ्याला द्यायची आणि बदललेलं वाटायची मोकळीक असली तर ते मुक्त. फुकट मिळतं म्हणून एखादं टूल आपल्या कार्यक्रमात चालेल असं नाही, एवढं धरून पुढे जातो.

पडद्यावर काय दिसतं याबद्दल मी इतका हट्टी का आहे, तर एका वर्कशॉपमुळे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, विषय होता सिग्नल प्रोसेसिंग, शिकवणारे गृहस्थ विषयात अतिशय तयार, त्यांनी लिहिलेला कोड त्यांनी खुल्या लायसन्सखाली दिलेला होता म्हणून आम्हीच त्यांना बोलावलं होतं. पण तो कोड चालायचा एका महागड्या प्रोप्रायटरी, म्हणजे कंपनीच्या मालकीच्या बंद, पॅकेजात. सकाळच्या सेशनला त्यांनी पडद्यावर ते पॅकेज उघडलं, आलेख काढले, सगळे खूश. चहाच्या सुट्टीत मी केबल गुंडाळत होतो तर माझ्या टेबलाशेजारीच चार-पाच मुलं एका लॅपटॉपवर वाकलेली, एक पेनड्राईव्ह हातोहात फिरत होता, त्यात त्या पॅकेजचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालू करायची चोरटी फाईल, आणि वर एक टेक्स्ट फाईल, की आधी अँटिव्हायरस बंद करा मग ही एक्झी चालवा. दुपारच्या सेशनला अर्ध्या वर्गाकडे ते पॅकेज होतं. ओपन सोर्सच्या वर्कशॉपमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत. त्या मुलांची चूक मी मानत नाही, त्यांना जे दाखवलं ते त्यांना घरी जाऊन करून बघायचं होतं आणि त्यांच्याकडे दुसरा रस्ता कोणी ठेवलाच नव्हता. तोच कोड ऑक्टेव्ह या मुक्त पॅकेजात थोड्या फरकाने चालला असता, पायथन भाषेत नव्याने लिहूनही तेच काम झालं असतं.

आपल्याकडे हे असंच होतं हे लक्षात ठेवा. ज्यांना लायसन्सचे पैसे परवडतात त्यांच्यासाठी प्रोप्रायटरी डेमो म्हणजे फार तर तत्त्वाचा प्रश्न असेल, आपल्या विद्यार्थ्यासाठी तो थेट क्रॅकचा रस्ता आहे. पवईला आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प चालतो तो नेमका याचसाठी, अभ्यासक्रमातलं महागडं सॉफ्टवेअर काढून तिथे मुक्त पर्याय आणायचे. त्यांनी देशभरातल्या विद्यार्थ्यांकडून नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या मुक्त पॅकेजात आणि पायथनमध्ये लिहून घेतली, सर्किटसाठी ईसिम तयार केलं. तिथलेच स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. म्हणजे दाखवायला काही नाही अशी परिस्थिती राहिलेली नाही. जो स्पीकर आपल्या स्टेजवर येऊन बंद टूल दाखवतो तो त्या सगळ्या कामाच्या विरुद्ध दिशेला मुलांना ढकलतो, त्याच्या मनात तसं नसलं तरी.

हीच गोष्ट मोठ्या माणसांनाही लागू आहे. २०१७ साली लॉस एंजेलिसला ओपन सोर्स समिटमध्ये, लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी काम करणाऱ्या लिनक्स फाउंडेशनचे प्रमुख जिम झेमलिन यांनी स्टेजवरून सांगितलं की हे वर्ष लिनक्स डेस्कटॉपचं, आणि स्लाईड चालू होत्या मॅकवर. ते काय बोलले यापेक्षा लोकांच्या लक्षात मॅकच राहिला. त्यांच्या संस्थेने लिनक्ससाठी केलेलं काम कमी नाही, पण लोक पडद्याकडे बघतात हो, कानापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवतात.

इतकं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल मग कडक नियमच करा की. तर थांबा.

१९८३ साली मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमननी ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा प्रकल्प जाहीर केला तेव्हा जगात मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम नव्हतीच. मग ग्नूचा एडिटर, कंपायलर हे लिहिले कशावर? युनिक्स या त्या काळच्या प्रोप्रायटरी ऑपरेटिंग सिस्टिमवरच. यावर त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की युनिक्सची जागा घेणारं मुक्त काही बनवण्यासाठी युनिक्स वापरणं त्यांना समर्थनीय वाटलं, आणि जिथे मुक्त पर्याय तयार झाला तिथे तो ताबडतोब बसवायचा. म्हणजे या विषयात सगळ्यात कडक मानला जाणारा माणूससुद्धा कुठून सुरुवात केली यापेक्षा कुठे चाललोय याकडे बघत होता.

दुसरं उदाहरण गिटचं, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या मुक्त टूलचं. लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या प्रोप्रायटरी टूलवर चालायचं, कर्नलवाल्यांना ते फुकट दिलेलं होतं, आणि तेव्हाही अनेकांनी हे बरोबर नाही म्हणून सांगितलं होतं. २००५ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रामरनी बिटकीपरशी बोलू शकेल असं मुक्त टूल लिहायला घेतलं, कंपनीला ते पटलं नाही, फुकट परवाना काढून घेतला. मग एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी गिट लिहायला घेतलं आणि काही दिवसांत गिटचा स्वतःचाच कोड गिटमध्ये ठेवला जाऊ लागला. ही गोष्ट मी दोन्ही तटांना सांगतो. जे म्हणतात काय फरक पडतो त्यांना सांगतो की बघा, फुकट मिळालेली वस्तू मालकाने मनात आलं तेव्हा काढून घेतली. आणि जे म्हणतात बंद टूल वापरणाऱ्याला स्टेजच नको त्यांना सांगतो की तुमच्या नियमाने २००४ साली खुद्द लिनस टोरवाल्ड्स तुमच्या दारातून परत गेले असते.

शिवाय हे तपासायला गेलात तर त्याला तळ नाही. तुमच्या लिनक्स लॅपटॉपचं वायफाय बहुतेक बंद फर्मवेअरवर, म्हणजे चिपच्या आतल्या कोडवर, चालतंय. डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बनवणाऱ्या काटेकोर लोकांनीही २०२२ मध्ये मतदान घेऊन ठरवलं की अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं फर्मवेअर सोबत द्यायचं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते तसं येतं, कारण त्याशिवाय नवीन लॅपटॉपवर इन्स्टॉल करताना नेटसुद्धा मिळत नव्हतं. स्टॉलमन स्वतः मध्यंतरी लेमोट यीलूंग नावाचा छोटा चिनी लॅपटॉप वापरायचे, कारण त्यात बायॉसपासून, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या कोडपासून, सगळं मुक्त होतं. तितकं करणारा माणूस मला आदरणीय वाटतो, मनापासून सांगतो, पण हा नियम तुम्ही लातूरहून एसटीने आलेल्या मुलाला लावू शकत नाही. आणि प्रोजेक्टरला जाणारी केबल? २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने, म्हणजे त्या केबलचं मानक ठरवणाऱ्या संस्थेने, ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एएमडीला एचडीएमआय २.१ ची अंमलबजावणी मुक्त ड्रायव्हरमध्ये द्यायला नकार दिला. जुन्या वेगात काम चालतं, आपल्या कॉलेजच्या प्रोजेक्टरला तेवढं पुरतं, पण शुद्धतेची रेघ मारायची कुठे हा प्रश्न राहतोच.

आणखी एक मुद्दा आहे जो कमिटीत कोणी काढत नाही. एनव्हीडीए हा अंध लोकांसाठीचा स्क्रीन रीडर आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी, मायकल करन आणि जेम्स तेह यांनी उभा केला, २००६ पासूनचं काम आहे. तो पूर्ण मुक्त, जीपीएल या मुक्त परवान्याखाली, त्याच्यासोबत येणारं ईस्पीक एनजी हे मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठीही वाचतं. पण तो चालतो फक्त विंडोजवर. लिनक्सवर ऑर्का आहे, चांगला आहे, पण ज्याचे हात वर्षानुवर्षं एनव्हीडीएच्या कळांवर बसलेत त्याला कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात ऑर्कावर ये म्हणणं म्हणजे त्याला न बोलावण्यासारखंच आहे. एनव्हीडीएमध्ये भाषांतराचं काम केलेला एखादा अंध माणूस तुमच्याकडे बोलायला आला आणि तुम्ही त्याला विंडोजमुळे अडवलंत, तर मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्यालाच तुम्ही मुक्त सॉफ्टवेअरच्या नावाने हाकललंत.

ज्या प्रसंगामुळे मी चौकीच्या विरोधात कायमचा गेलो तो मात्र अगदी साधा होता. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, मराठवाड्यातला, गावच्या पतसंस्थेसाठी पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये पिग्मीचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं त्याने, कोड सगळा खुला. लॅपटॉप मामाचा, त्यावर विंडोज, स्लाईड पॉवरपॉईंटमध्ये. त्याने फाईल उघडली आणि पहिल्या दोन रांगांत हशा पिकला. आपल्याच लोकांच्यात. मी रेकॉर्डिंगला होतो, कॅमेऱ्यात त्याचा चेहरा जवळून दिसत होता. वीस मिनिटांचं बोलणं त्याने सात मिनिटांत उरकलं, पिग्मी एजंट घरोघर फिरून पैसे कसे गोळा करतो आणि रात्री ते मशीनवर कसे चढतात हा जो खरा भाग होता तो त्याने सांगितलाच नाही. पुढच्या वर्षी मी त्याला दोनदा फोन केला, तो आला नाही. त्याच वर्षी एका मोठ्या कंपनीचे पाहुणे त्यांच्या कंपनीचं क्लाउड प्रॉडक्ट अर्धा तास दाखवून गेले, लॅपटॉपवर लिनक्स होतं, मागे लिनक्सच्या पेंग्विनचं स्टिकर होतं, त्यांना कोणी काही बोललं नाही. मशीन बघून माणूस जोखला की असं होतं.

त्यामुळे माझी फूटपट्टी स्पीकरची ताकद बघून बदलते, आणि ती बदललीच पाहिजे. कंपनीच्या पगारावर, कंपनीने दिलेल्या मशीनवर, ओपन सोर्सचं नाव सांगून येणाऱ्या माणसाला मी स्पष्ट लिहितो की डेमो पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर चालला पाहिजे, प्रेक्षकाला घरी जाऊन तुमच्या कंपनीचं अकाउंट न उघडता तो करता आला पाहिजे, नाहीतर विषय बदला. दोन-तीन जण रागावले, बाकीच्यांनी केलं. विद्यार्थ्याला, पहिल्यांदा बोलणाऱ्याला मी नियम सांगत नाही, मदत देतो.

मदत म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण बहुतेक लोक बंद सॉफ्टवेअर हट्टाने वापरत नाहीत, स्टेजवर फजिती होईल या भीतीने वापरतात. आणि ती भीती खोटी नाही. जुन्या हॉलमध्ये प्रोजेक्टर छताला, तिथून पन्नास फूट व्हीजीए केबल, तिच्यातून प्रोजेक्टरची माहिती लॅपटॉपपर्यंत पोचत नाही, मग लिनक्सला कळतच नाही की समोरचा पडदा १०२४ बाय ७६८ चा आहे, आणि निळा पडदा घेऊन माणूस दोनशे लोकांसमोर उभा. एक्स११ या लिनक्सच्या जुन्या डिस्प्ले सिस्टिमवर आम्ही सीव्हीटी कमांडने मोडलाईन, म्हणजे पडद्याच्या मापाची ओळ, काढून एक्सरॅन्डआरने हाताने मोड चढवायचो, नव्या वेलँड सिस्टिमवर ती युक्ती चालत नाही. हे सगळं स्पीकरने का सोसायचं? तुम्ही डेबियन किंवा फेडोरा टाकलेला एक लॅपटॉप स्टेजवर कायम जोडून ठेवा, आदल्या संध्याकाळी त्याच प्रोजेक्टरवर तपासलेला. सगळ्यांकडून स्लाईड पीडीएफमध्ये मागवा, दोन दिवस आधी. पीडीएफपीसी नावाचं छोटं टूल आहे, पडद्यावर स्लाईड आणि लॅपटॉपवर पुढची स्लाईड आणि घड्याळ दाखवतं, पाच मिनिटांत शिकता येतं. इम्प्रेस, म्हणजे लिबरऑफिसचं स्लाईडचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉन्ट टाकून ठेवा, कॅलिब्री आणि कँब्रियाच्या मापाचेच आहेत, म्हणजे पॉवरपॉईंटमध्ये केलेली फाईल उघडली तरी ओळी खाली घसरत नाहीत.

मराठी स्लाईडचं वेगळं सांगतो, कारण इथे मला जीव तोडून सांगावंसं वाटतं. अजूनही लोक जुन्या, युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या मानकाच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आणतात, दुसऱ्या मशीनवर तो कचरा दिसतो आणि खापर लिनक्सवर फुटतं. युनिकोडमध्ये टाईप करायला सांगा. मुक्ता, लोहित, आयआयटी मुंबईचा शोभिका, असे चांगले मुक्त फॉन्ट आहेत. आणि मराठी ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर फॉन्टला शिव्या देण्याआधी इम्प्रेसमध्ये त्या मजकुराची भाषा मराठी लावून बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये आपली वळणं आत असतात, मजकूर मराठी आहे हे कळलं की तीच उमटतात. पाठीमागे बसलेल्या माणसाला आपल्या वळणाचा ल दिसला की त्याला कळतं, हे आपल्यासाठीही केलेलं आहे.

आता तुमच्याकडे येतो, म्हणजे आयोजकांकडे. तुमच्या कॉन्फरन्सचा फॉर्म गूगलवर, चर्चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, पोस्टर कॅनव्हात, सर्टिफिकेट वर्डमध्ये, असं असेल तर त्या पाहुण्यांच्या कीनोटवर बोट ठेवायचा अधिकार तुम्हाला नाही, हे मी रागाने नाही सांगत, मीही त्यातूनच गेलोय. स्पीकर एका दिवसासाठी येतो, तुम्ही सहा महिने या टूलवर काम करता, आणि ज्यांना नाव नोंदवायचंय त्यांना त्यांची इच्छा असो नसो तुमचं टूल वापरावंच लागतं. त्यांच्यावर सक्ती तुमची जास्त आहे, स्पीकरची कमी. विषय मागवायला प्रीटॅल्क्स आहे, नोंदणीला लाइमसर्व्हे किंवा नेक्स्टक्लाउडचा फॉर्म, पोस्टरला इंकस्केप, रेकॉर्डिंगला ओबीएस.

हे मोठ्या प्रमाणावर करणारे लोक आहेत. ब्रसेल्सला दरवर्षी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला फॉसडेम नावाचं ओपन सोर्सचं मोठं संमेलन भरतं, हजारो लोक येतात, प्रवेश फुकट, नोंदणीच नाही, म्हणजे कोणाची माहिती गोळा करायचा प्रश्नच येत नाही. २०२१ मध्ये कोविडमुळे ते ऑनलाईन घ्यावं लागलं तेव्हा मॅट्रिक्स आणि जित्सी या मुक्त टूलवर घेतलं. डेबियनची डेबकॉन्फ सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या कोचीला झाली, त्यांची व्हिडिओ टीम सगळी स्वयंसेवकांची, कॅमेरे मिक्स करायला व्होक्टोमिक्स, जे जर्मनीतल्या केऑस कम्प्युटर क्लबच्या व्हिडिओवाल्यांनी लिहिलंय. पुण्यातल्या कॉलेजला तेवढं जमायची गरज नाही, एक कॅमेरा, एक लॅपटॉप आणि ओबीएस एवढ्यावर आमची कित्येक सेशन रेकॉर्ड झालीत. व्हिडिओ यूट्यूबवर टाका, लोक तिथे आहेत, पण वेबएम या मुक्त प्रकारातली फाईल थेट उतरवून घेता येईल अशीही कुठेतरी ठेवा.

नियम म्हणून लिहायचं असेल तर पत्रात इतकंच लिहा, मी हेच लिहितो: "आमच्या स्टेजवर दाखवलेली प्रत्येक गोष्ट प्रेक्षकाला घरी मुक्त सॉफ्टवेअरवर करून बघता यावी अशी अपेक्षा आहे. स्लाईड पीडीएफमध्ये दोन दिवस आधी पाठवा, खुल्या लायसन्सखाली. स्टेजवर आमचा लिनक्स लॅपटॉप तयार असेल आणि आदल्या संध्याकाळी पाच ते आठ तिथे तालीम करता येईल. स्वतःचं मशीन वापरायचं असेल तर जरूर वापरा, त्यावर मुक्त नसलेलं काही दिसणार असेल तर त्याचा मुक्त पर्याय बोलताना सांगा." शेवटचं वाक्य काढू नका. त्या वाक्यामुळे गेल्या वेळी एका बाईंनी, मॅकवरूनच, स्वतःहून सांगितलं की हा एडिटर मी ऑफिसात वापरते, तुम्ही यासाठी केट हा मुक्त एडिटर वापरा, आणि तिथल्या तिथे आमच्या लॅपटॉपवर केट उघडून दाखवला.

तुमच्या त्या पाहुण्यांना पुढच्या वर्षी परत बोलवा, हेच पत्र पाठवून. आणि मागून ओरडलेल्या मुलालाही विसरू नका, त्याला पोटतिडीक आहे, ती कमिटीतल्या बाकी कोणाला दिसत नाही. त्याला आदल्या संध्याकाळी पाच ते आठ स्टेजवरच्या लॅपटॉपपाशी बसवा, हातात अडॅप्टरची पिशवी द्या, एचडीएमआयचं, व्हीजीएचं, डिस्प्लेपोर्टचं, यूएसबी-सीचं, आणि जो जो स्पीकर घाबरत घाबरत येईल त्याची पहिली स्लाईड पडद्यावर नीट दिसेपर्यंत त्याने जागचं उठायचं नाही.